तीनशे तीस हंडे

बोर्ली पंचतनच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे. तिथल्या शाळेची दर्शनी भिंत साठ फूट लांब आणि बारा फूट उंच. समुद्रावरून येणारा वारा मध्ये काही आडवं नसल्याने थेट तिच्यावर येतो. एकोणचाळीस पावसाळे झाले, पण तिचा एक पोपडा निघालेला नाही. रंग दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. आतला गिलावा पहिलाच आहे.

शाळेत नवा मास्तर आला की गावकरी त्याला भिंतीजवळ नेतात आणि सांगतात, "ही भागोजी मिस्त्रीच्या हातची." मास्तर भिंतीवरून हात फिरवतो, मान डोलावतो. भागोजी तिथे असला तर खाली बघतो. लोक म्हणतात, एवढा मोठा कारागीर, पण गर्व म्हणून नाही. भागोजी का खाली बघतो ते मात्र त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

भागोजी आता एकाहत्तर वर्षांचा आहे. थापी खाली ठेवून त्याला पाच वर्षं झाली. उजव्या हाताचं मनगट आता पुरतं वळत नाही. पण रस्त्याने जाताना कुठे नवं काम दिसलं की तो थांबतो, बोटाच्या पेराने भिंत ठोकतो आणि कान देतो. भरीव आवाज आला की पुढे जातो. पोकळ आला तरी पुढे जातो, फक्त त्या दिवशी जेवताना कमी बोलतो.

त्याच्या टोळीत अठरा वर्षं एक बाई होती, पुतळाबाई. कामावर तिला बिगारी म्हणत. माल कालवणं, घमेली वाहणं, भिंतीला पाणी मारणं ही तिची कामं. आणि एक काम कुणी तिला सांगितलेलं नव्हतं. ती वाळू चाखायची.

किनाऱ्यावर वाळूची पारख लागते. पुळणीवरची वाळू दिसायला स्वच्छ, चाळायला सोपी, आणणाऱ्याला जवळ. पण तिच्यात मीठ असतं, ते डोळ्यांना दिसत नाही. असल्या वाळूचा गिलावा सुरुवातीला छान दिसतो. मग भिंतीला लोणा लागतो. पांढरी भुकटी सुटते, रंग फुगतो, पोपडे गळतात. गाडी आली की पुतळाबाई चिमूटभर वाळू जिभेवर ठेवायची, थोडं थांबायची आणि थुंकायची. "बरी हाय" म्हणाली की टोळी कामाला लागायची. "खारट" म्हणाली की वाळू धुवायची. एक घमेलं वाळू, तीन पाणी. प्रत्येक पाण्याला विहिरीवरचा एक हंडा.

शाळेचं काम निघालं तेव्हा ठेकेदार बाहेरचा होता. मागच्या भिंतींवर त्याची दुसरी टोळी होती, पुढची भिंत भागोजीकडे. वाळूची गाडी आली. पुतळाबाईने चाखली आणि थुंकली.

"खारट हाय."

ठेकेदार हसला. "तुला काय तिच्या भाकऱ्या थापायच्या हायेत?"

"भाकर खारट झाली तर एक दिस जेवण बिघडंल, मालक. भिंत खारट झाली तर ती पोरांच्या डोक्यावर यंल."

"तू माल कालव. शहाणपण मिस्त्रीला करू दे. काय मिस्त्री, चालंल ना ही वाळू?"

सगळ्यांनी भागोजीकडे पाहिलं. त्याच्या हातात थापी होती. घरी सहा महिन्यांची मुलगी होती आणि पावसाआधीचं हे शेवटचं काम होतं. वाळू खारट आहे हे पुतळाबाईने सांगितल्यावर त्याला वेगळं विचारायची गरज नव्हती. तो काही बोलला नाही. थापी उलटी करून तिच्यावरचा वाळलेला माल नखाने काढत बसला.

पुतळाबाईने घमेलं पालथं घातलं. "खारी मी कालवायची न्हाय," म्हणाली. ठेकेदाराने तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भागोजी आठ वाजता कामावर आला. भिंतीपाशी दहा घमेली वाळू पसरलेली होती. ओली होती. त्याने चिमूटभर जिभेवर ठेवली. गोडी होती, विहिरीच्या पाण्यासारखी. विहिरीपासून वाळूपर्यंत मातीत ओल्या पावलांची वाट पडली होती. तेवढी दहा घमेली त्या दिवसाला पुरली. तिसऱ्या दिवशी पुन्हा दहा. असं अकरा दिवस चाललं. ठेकेदार नऊ वाजता यायचा, त्याला काही कळलं नाही. अकरा दिवसांत पुतळाबाईने तीनशे तीस हंडे ओढले आणि त्यांतल्या एकाचीही मजुरी तिला मिळाली नाही.

दोन वर्षांत शाळेच्या मागच्या भिंतींना लोणा लागला. त्या खरवडून पुन्हा कराव्या लागल्या. पुढची भिंत मात्र जशीच्या तशी राहिली. तिथून भागोजी मिस्त्रीचं नाव झालं. चार तालुक्यांतून कामं येऊ लागली. पुढच्याच कामाला त्याने पुतळाबाईला बोलावून घेतलं आणि ती आली. शाळेचा विषय दोघांनीही काढला नाही.

पुढे तिचा नवरा वारला. लहानग्या लेकाला, प्रितमला घेऊन ती माहेरी, काशीदला गेली. भावाने रस्त्याला लागून तुकडा दिला. त्यावर दोन खोल्यांचं विटांचं घर टोळीने बांधून दिलं. दर्शनी भिंतीचा गिलावा भागोजीने एकट्याने केला. चार दिवस लागले. इतका घोटला की प्रितम त्यावर गाल टेकवायचा आणि गार लागतं म्हणून हसायचा.

गेल्या नोव्हेंबरात प्रितमचा फोन आला. त्याने घर वाढवून पाहुण्यांसाठी चार खोल्या केल्या होत्या. शनिवारी पहिले पाहुणे यायचे होते. "काका, तुम्ही आल्याशिवाय सुरू नाही करायचं, आईचं म्हणणं आहे. फोटो पाठवलाय, बघा."

भागोजीने फोटो पाहिला. जुन्या जांभ्या चिऱ्यांचं घर, वर चिऱ्यांची कमान, दोन्ही बाजूंना कोनाडे. कमानीखाली पुतळाबाई खुर्चीत बसलेली. फोटो सुरेख होता. पण ते घर भागोजीच्याच टोळीने बांधलेलं होतं आणि त्यात एकही चिरा नव्हता.

गुरुवारी तो निघाला. दिघीला जंगलजेटीच्या फेरीबोटीत बसून खाडीपलीकडे आगरदांडा, तिथून मुरूड, मुरूडहून एसटी. काशीदला उतरला तेव्हा बारा वाजले होते. पुतळाबाई कमानीखालीच बसली होती. मांडीवर सूप, सुपात तांदूळ.

"जय भीम, मिस्त्री. अजून चालता व्हय तुमी?"

"जय भीम. चालतो. तू अजून चाखतीस का?"

"दात गेले. जीभ हाय." ती हसली. मग आत बघून ओरडली, "साक्षी, पाणी आण गं. बोर्लीचा पाव्हना आलाय, त्याला नुसतं पाणी चालतं, गोडं पायजे."

साक्षी ही प्रितमची बायको. पाण्याचा तांब्या घेऊन ती बाहेर आली, तेव्हा भागोजी भिंतीला नाक लावून उभा होता. चिरे म्हणजे सिमेंटच्या साच्यात पाडलेल्या, तांबड्या रंगाच्या पातळ लाद्या होत्या, जेमतेम बोटाएवढ्या जाडीच्या. त्याने पेराने ठोकलं. ढब. दुसरीकडे ठोकलं. ढब. कमान लोखंडी सांगाड्यावर जाळी ताणून, सिमेंट थापून केलेली होती. दोन माणसांना उचलणार नाही एवढं तिचं वजन. ती चार बोल्टवर लटकत होती, बरोबर पुतळाबाईच्या खुर्चीवर.

प्रितम मागून आला, पाया पडला. "कसं वाटलं, काका? मुंबईचा माणूस आणला होता. तीन आठवड्यांत उभं केलं."

"लाद्या लावण्याआधी टाचे मारले होते का भिंतीला?"

"टाचे?"

"जुन्या गिलाव्याला छिन्नीने खाचा पाडतात. खाच असली तर वरचा माल धरतो. न्हायतर काचेवर लाडू चिकटवल्यासारखं."

"तो म्हणाला, आता चिकटवायचं नवीन येतं, ठोकायला लागत नाही. फक्त खाली पातळ थर दिला वाळू-सिमेंटचा."

"वाळू कुठली?"

प्रितमने नुसतं रस्त्यापलीकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे सुरूची झाडं होती आणि झाडांपलीकडे काशीदची पांढरी पुळण.

साक्षी तांब्या धरून तशीच उभी होती. ती म्हणाली, "काका, रोज सकाळी उंबऱ्यावर पांढरं पीठ पडलेलं असतं. मी झाडते. मला वाटलं, रंगाचं असंल."

"साक्षी, तू आत जा," प्रितम म्हणाला. मग भागोजीकडे वळला. "काका, तुमचं कळतं मला. पण हा फोटो बघून लोक येतायत. साध्या भिंतीचा फोटो सहा महिने टाकला होता, कुत्रं फिरकलं नाही. लोक पुढचंच बघतात. हा सीझन जाऊ दे, मे महिन्यात करू काय ते."

भागोजीने पुतळाबाईकडे पाहिलं. ती तांदळातले खडे बघत होती. वर न बघता म्हणाली, "राहू द्या, मिस्त्री. पोराचा जीव हाय त्यात. मला काय, मी खुर्ची सरकवून बसंन."

साक्षीने वाढलं, सगळे जेवले. सुकटीची चटणी चांगली झाली होती. तीनच्या सुमाराला मुरूडकडे जाणारी एसटी होती. भागोजीने पिशवी उचलली. पुतळाबाई उठायला लागली तर तो म्हणाला, बस. ती बसली. खुर्ची सरकवलेली नव्हती.

तो फाटकापर्यंत गेला. मागे वळून पाहिलं तर रस्त्यावरून घर खरंच देखणं दिसत होतं. कुणाला शंकाही आली नसती. त्याचा अंगठा पिशवीच्या बंदावरून फिरत होता, नखाने काहीतरी खरवडत होता. बंदाला काही लागलेलं नव्हतं. ही बोटाची सवय कुठली, ते त्याला आठवलं. थापीवरचा वाळलेला माल.

एसटी आली. हात न दाखवल्याने थांबली नाही.

तो परत आला आणि पिशवी ओटीवर ठेवली. "प्रितम, इकडं बस. साक्षी, तू पण ये. मला एक सांगायचं हाय. मी एकदा गप बसलो होतो."

आणि त्याने शाळेचं सगळं सांगितलं. ठेकेदार काय म्हणाला, पुतळाबाई काय म्हणाली, आणि त्याने स्वतः काय केलं. दहा घमेली, तीन पाणी, अकरा दिवस. हंडे किती झाले तेही सांगितलं. "त्या भिंतीवर माझं नाव घेतात लोक. माझं पोट, माझ्या पोरीचं शिक्षण, माझं घर, सगळं त्या भिंतीवर उभं राहिलं. ती भिंत हिने धुतलेली हाय. मी तिच्यावर फक्त थापी फिरवली. आणि हिला कामावरून काढलं तेव्हा मी तोंड उघडलं न्हाय. तेव्हा माझ्या घरी पोर होती. आज माझ्याकडं तसलं काही कारण न्हाय."

प्रितम आईकडे बघत राहिला. "आई, हे कधी बोलली नाहीस तू."

"काय बोलायचं? वाळू धुतली. वाळू धुवायचीच असती."

भागोजी उठला. उंबऱ्याच्या कोपऱ्यात लादीखाली पांढरी रेघ जमली होती. त्याने बोट दाखवलं. "पुतळाबाय, चाख. तू सांग. तू बरी म्हणालीस तर मी पुढच्या गाडीने जातो."

तिने एकदा लेकाकडे पाहिलं. वर्षभर तो या घरासाठी धावला होता, तिला माहीत होतं. मग तिने खुर्चीवरून वाकून बोट भुकटीत बुडवलं, जिभेवर ठेवलं. थोडी थांबली. बाजूला वळून थुंकली.

"खारट हाय."

प्रितमने डोक्याला हात लावला. मग विचारलं, "सगळंच काढायचं?"

"आधी आईची खुर्ची हलव. मग कमान."

शिडी लावली. कमानीला खालून दोन टेकू दिले, दोरी बांधली. प्रितम पाना घेऊन वर चढला. पहिले दोन बोल्ट ताकदीने फिरवावे लागले. तिसऱ्याला पाना लावला तर तो बोटांनीच बाहेर आला. चौथाही तसाच. ते विटेपर्यंत गेलेच नव्हते, गिलाव्यात अडकले होते, तेवढंच. प्रितमने दोन्ही बोल्ट तळहातावर घेतले आणि शिडीवरून खाली, आईची खुर्ची जिथे होती तिथे पाहिलं. कमान खाली उतरवायला शेजारच्या दोघांना हाक मारावी लागली.

लाद्यांना ताकद लागलीच नाही. भागोजीने एका कडेला पटाशी घातली आणि अख्खी ओळ पापडासारखी सुटली. मागे जुना गिलावा होता. घोटलेला, करडा, एकही ओरखडा नसलेला. साक्षी म्हणाली, "एवढी चांगली भिंत झाकली आपण?"

"थोडी चूक माझी बी हाय," भागोजी म्हणाला. "एवढी घोटली की तिच्यावर खोटं काही टिकंना."

पुतळाबाई म्हणाली, "झालं! आता स्वतःची तारीफ सुरू. माल कुणी कालवला होता?"

"तूच."

"मंग?"

शुक्रवारचा दिवस भिंत धुण्यात गेला. मीठ उतरेपर्यंत गोड्या पाण्याने चार वेळा. प्रितमने हंडे वाहिले. नळी होती, पण भागोजी म्हणाला, नळीने पाणी किती गेलं ते कळत नाही. संध्याकाळी प्रितमचे खांदे भरून आले. तेव्हा त्याने आईला विचारलं, "तीनशे तीस?" ती म्हणाली, "मी मोजले न्हाय. मिस्त्रीने मोजले."

शनिवारी दोन गाड्या आल्या. एका गाडीतली माणसं उतरलीच नाहीत. फोटोत वेगळं होतं, म्हणाली आणि निघून गेली. प्रितमने त्यांना अडवलं नाही. दुसऱ्या गाडीत एक म्हातारं जोडपं आणि त्यांची मुलगी होती. मुलीने तेच विचारलं, फोटोतली कमान कुठे गेली? प्रितमने जे होतं ते सांगितलं. दोन बोल्ट त्याने खिडकीत ठेवले होते, तेही दाखवले. मग पेराने भिंत ठोकली. "ऐका. भरीव आहे. ही आमच्या काकांची आणि आईची." म्हाताऱ्याने स्वतः ठोकून पाहिलं. ती तिघं दोन दिवस राहिली. जाताना पुतळाबाईकडून सुकटीची चटणी बांधून घेतली.

सगळं मार्गी लागलं असं नाही. नवा फोटो पाहून लोक कमीच येतात. प्रितम सकाळी मासे आणायला मुरूडला जातो, साक्षी जेवण करते, त्या जेवणासाठी म्हणून काही जण पुन्हा येतात. चार खोल्यांतल्या दोन भरतात. पुतळाबाई खुर्चीत बसते. वर आता नुसतं आभाळ आहे.

भागोजीचं एक काम राहिलं होतं. सव्वीस जानेवारीला वाडीतल्या शाळेत झेंडावंदन झाल्यावर मास्तरांनी नेहमीप्रमाणे गावातल्या जुन्या माणसांची नावं घेतली. भिंतीचा विषय निघाला. भागोजी उभा राहिला. यावेळी त्याने खाली पाहिलं नाही. तो भाषण करणारा माणूस नाही. चार वाक्यं बोलला. गावाने जे नाव मला दिलं त्यातलं निम्म्याहून जास्त या बाईचं आहे, ती आज काशीदहून आली आहे, मी तिचा आभारी आहे, आणि हे सांगायला मला एकोणचाळीस वर्षं लागली. एवढं बोलून बसला. टाळ्या वाजल्या. मास्तरांनी पुतळाबाईला पुढे बोलावलं, दोन शब्द बोला म्हणाले.

ती उठली. निळ्या काठाची नवी साडी नेसली होती, सुनेने दिलेली. माइककडे गेलीच नाही. सरळ भिंतीकडे गेली. बोट ओलं करून गिलाव्यावर घासलं, जिभेवर ठेवलं. दोनशे पोरं माना उंच करून बघू लागली.

"बरी हाय," ती म्हणाली.

मग भिंतीच्या कडेकडेने चालत डाव्या कोपऱ्यापाशी गेली, वाकून बघितलं आणि भागोजीला हाक मारली.

"मिस्त्री, हिकडं या. ह्या कोपऱ्याला तुमी पाणी कमी मारलंय. केसाएवढी चीर हाय बघा."

भागोजी चष्मा पुसत गेला. तिच्याशेजारी वाकला. चीर होती.